‘पी’ द्रव्य आणि वेदनेचे चिन्ह

इ. स. १९३१ मध्ये लंडन येथे फॉन ऑयलर व गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या व आतड्याच्या अर्कात रक्तदाब उतरविणारे एक द्रव्य आढळले. अर्काच्या भुकटीवरून, म्हणजे ‘पावडर’ शब्दाच्या आद्याक्षरावरून, त्यास ‘पी’ हे नाव पडले. वेदनावाचक ‘पेन’ शब्दाशी त्याचा संबंध नव्हता.

१९५३ मध्ये लेम्बेक यांनी, मज्जारज्जूच्या मागील मुळांत हे द्रव्य अधिक असल्यामुळे ते संवेदनावाहक असावे, असे अनुमान मांडले. १९८१ मध्ये हिल्डेन व विल्कॉक्स यांनी ते उंदरांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात टोचले, तेव्हा उंदीर स्वतःचे अंग खाजवू व चावू लागले. या वर्तनाचा अर्थ पुष्कळांनी ‘वेदना’ असाच लावला.

पुढे या द्रव्याची क्रिया रोखणाऱ्या औषधांनी प्राण्यांतील वेदनासूचक वर्तन उणावले. परंतु १९९० नंतरच्या दशकातील चाचण्यांत माणसांच्या वेदना मात्र अपेक्षेप्रमाणे शमल्या नाहीत. त्याच वर्गातील ॲप्रेपिटंट २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, ते कर्करोगाच्या रासायनिक उपचारांमुळे होणाऱ्या वांतीवर.

रुग्ण आपली वेदना शब्दांनी सांगतो. उंदराची वेदना प्रयोगकर्त्यास चिन्हांवरून ताडावी लागते. चिन्ह बदलले म्हणजे वेदना शमली, असे मानण्यात घाई झाली. आणि औषधाची वाट पाहणारे रुग्ण वाटच पाहत राहिले.