दानाचे दोन प्रवाह

हिब्रू भाषेत दानाला ‘त्सेदाका’ असा शब्द आहे. त्याचे मूळ न्यायात आहे, दयेत नव्हे. गरजवंतास दिले म्हणजे त्याच्यावर उपकार केला, असे ज्यू धर्मशास्त्र मानीत नाही. देणाऱ्याने आपले देणे फेडले, एवढेच मानते. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहिलेल्या मायमोनिदीस या थोर पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. नाखुशीने देणारा सर्वांत खालच्या पायरीवर; आणि कर्ज, भागीदारी अथवा काम देऊन माणसावर पुन्हा हात पसरण्याची वेळ न आणणारा सर्वांत वरच्या. मुंबई इलाख्यातील ज्यूंचा इतिहास पाहताना ही शिडी दृष्टीपुढे ठेवावी.

या इलाख्यात ज्यूंचे दोन समाज नांदले. पहिला बेने इस्राएलांचा. कोकणपट्टीत शतकानुशतके तेलाचे घाणे चालविणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही मंडळी ‘शनवार तेली’ या नावाने ओळखली जात. भाषा मराठी आणि आडनावे गावावरून पडलेली : दिवेकर, राजपूरकर, केहिमकर. दुसरा समाज बगदादी व्यापाऱ्यांचा; तो एकोणिसाव्या शतकात मुंबईत स्थिरावला.

मुंबईतील पहिले ज्यू प्रार्थनामंदिर बांधले ते बेने इस्राएलांनी, १७९६ साली. ते उभारणारे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून जीव वाचल्यावर त्यांनी हा नवस फेडला, अशी आख्यायिका आहे. ‘शाआर हारहामीम’ या मंदिराच्या नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’. दाता सावकार नव्हे, लष्करी चाकरीतला गृहस्थ होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८३२ साली डेव्हिड ससून मुंबईस आले. १७९२ साली बगदादेत जन्मलेल्या या गृहस्थास तेथील पाशाच्या जाचामुळे मायदेश सोडावा लागला होता. कापूस व अफू यांच्या व्यापारात त्यांच्या पेढीने अमाप संपत्ती मिळविली. त्या अफूने चीनमध्ये किती संसार धुळीस मिळाले, याचा विसर पडू देणे इतिहासाला शोभणार नाही. परंतु त्याच संपत्तीतून भायखळ्याचे मागेन डेव्हिड मंदिर उभे राहिले, मुलांना हस्तव्यवसाय शिकवून मार्गास लावणारे सुधारगृह चालले, आणि पुण्याचे ससून रुग्णालय झाले. रुग्णालयाची पायाभरणी १८६३ ची. पुढच्याच वर्षी ससून निवर्तले; पुण्यातील ‘लाल देवळा’च्या आवारात त्यांची समाधी आहे. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या महात्मा गांधींवर शस्त्रक्रिया झाली ती याच रुग्णालयात.

या औदार्यालाही एक कुंपण होते. १८३६ साली मुंबईच्या ज्यू दफनभूमीत बगदादी व बेने इस्राएल यांच्या कबरींमध्ये भिंत असावी, अशी मागणी सरकारकडे गेली. मागणी करणाऱ्यांत डेव्हिड ससून अग्रभागी होते. सर्व जातींच्या रोग्यांसाठी ज्यांनी पुढे दार उघडले, त्यांनाच मेलेल्या धर्मबंधूचा शेजार नको होता! बेने इस्राएलांचा धर्माचार शुद्ध नाही, असा बगदाद्यांचा आक्षेप होता आणि तो दीर्घकाळ टिकला.

बेने इस्राएलांनी या अवहेलनेला उत्तर दिले ते शाळा काढून. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा सुरू केली. पाठीशी लक्षाधीशाची थैली नव्हती. समाजात हिंडून वर्गणी मिळवावी, विलायतेतील अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडे साहाय्य मागावे आणि शाळा चालू ठेवावी, असा हा व्यवसाय होता. धन देणे कठीण खरे. पण वर्षानुवर्षे आपला वेळ देणे त्याहून कठीण. याच परंपरेत पुढे जेरुशा झिराड झाल्या. १९१३ साली त्यांनी बेने इस्राएल स्त्रीमंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला, विलायतेत वैद्यकीचे उच्च शिक्षण संपादिले आणि १९२८ ते १९४७ पर्यंत कामा रुग्णालयाची धुरा वाहिली. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

केहिमकरांच्या शाळेची कथा मात्र येथे संपत नाही. बगदादेत जन्मलेले आणि १८८० साली ससून घराण्याच्या एका पेढीत सामान्य नोकरीस लागलेले एली कदूरी पुढे पूर्वेकडील मोठे धनिक झाले. त्यांनी या शाळेस भरघोस देणगी दिली आणि शाळेला ‘सर एली कदूरी’ हे नाव पडले. भिंत मागणाऱ्यांच्याच समाजातील एका माणसाने भिंतीपलीकडच्या मुलांसाठी द्रव्य दिले. जुने देणे अशा रीतीने काही अंशी फिटले.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. बगदादी इंग्लंडास व इतरत्र पांगले. संस्था मात्र येथेच राहिल्या. मुंबईतील या जुन्या ज्यू शाळांत आज शिकणारी मुले बहुतांशी मुसलमान कुटुंबांतील आहेत आणि पुण्याच्या रुग्णालयात रोज साऱ्या जिल्ह्यांतून गरीब रोगी येतात. त्यांतील बहुतेकांना डेव्हिड ससून कोण, हे ठाऊक नसते. घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही आणि देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही, अशा दानाला मायमोनिदीसाने फार वरची पायरी दिली आहे.