ब्लडबाथ: आधी स्वतः करून दाखव!

आजची गोष्ट एका लाल-काळ्या लेव्हलची आहे, आणि ती लेव्हल कुठल्याही कंपनीनं बनवलेली नाही. जिओमेट्री डॅश उघडा, सर्चमध्ये १०५६५७४० हा आकडा टाका, की ब्लडबाथ समोर येईल. पहिल्या पाच सेकंदांत मेलात तर वाईट वाटून घेऊ नका. सगळेच मरतात.

ज्यांनी हा गेम कधी खेळलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्वीडनच्या रॉबर्ट टोपालानं, म्हणजे सगळे ज्याला रॉबटॉप म्हणतात त्यानं, ऑगस्ट २०१३ मध्ये हा गेम आणला. एक चौकोनी ठोकळा आपला आपण पळत असतो. तुमच्या हातात काम एकच, स्क्रीनवर बोट टेकवायचं. काट्याला नुसता स्पर्श झाला तरी खेळ खल्लास, पुन्हा शून्य टक्क्यापासून सुरू. मागे गाणं वाजत असतं आणि उड्या त्या ठेक्यावर बसवलेल्या असतात. तबला शिकलेल्यांना लगेच कळेल. सम कुठे येणार हे कानाला आधीच माहीत हवं, डोळ्यांनी बघून मग हात उचलला तर उशीर झालेला असतो.

सुरुवातीला गेममध्ये लेव्हल होत्या फक्त सात. पण सोबत एक एडिटर दिलेला होता, आणि पुढचा सगळा इतिहास त्या एडिटरमधून आला. कुणीही काटे मांडावेत, लेव्हल बनवावी, जगाला पाठवावी. अट एकच: पाठवण्याआधी ती तुम्ही स्वतः, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका दमात पार केली पाहिजे. याला व्हेरिफाय करणं म्हणतात.

ही अट वाटते तेवढी साधी नाही हं. ती नसती तर कुणीही पाच मिनिटांत दहा हजार काटे ओतून ‘जगातली सर्वांत अवघड लेव्हल’ जाहीर केली असती. या अटीमुळे अवघड लेव्हल बनवणं आणि ती खेळता येणं या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या गेल्या. लेव्हल अपलोड झाली म्हणजे एका माणसानं ती केलेली आहे. निदान तसं मानायचं.

२०१५ मध्ये जीबॉय नावाच्या खेळाडूची कॅटॅक्लिझम ही लेव्हल गाजत होती. तिचं गाणं होतं डिमरेन४७ चं ‘अ‍ॅट द स्पीड ऑफ लाइट’. त्याच गाण्यावर, त्याहून भयंकर काहीतरी करायचं रायट या खेळाडूनं ठरवलं. पण एकट्यानं नाही. दहाहून जास्त जणांनी गाण्याचे तुकडे वाटून घेतले आणि प्रत्येकानं आपापले काही सेकंद सजवले. याला मेगाकोलॅब म्हणतात. गंमत अशी की ज्यानं जो तुकडा केला, त्याला तेवढाच पार करून बघितला तरी भागत होतं. सगळे तुकडे सलग खेळून दाखवायची जबाबदारी मात्र एकाच माणसावर, रायटवर.

आता जरा हिशेब करू. समजा लेव्हलचे दहा तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकडा तुम्हाला दोनदा खेळून एकदा जमतो. ऐकायला बरं वाटतं ना? पण दहाही सलग जमण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. प्रत्येक तुकडा पाचातून चारदा जमू लागला, तरीही साधारण नऊ प्रयत्नांत एकदाच शेवट दिसतो. आणि जो माणूस नव्वद टक्क्यांच्या पुढे जाऊन मरतो, त्याच्या हातात काय उरतं? शून्य टक्के आणि थरथरणारं बोट.

सराव करायला प्रॅक्टिस मोड होता, मध्ये-मध्ये चेकपॉइंट टाकून खेळता यायचं. पण त्या काळी प्रॅक्टिसमध्ये मूळ गाणं वाजतच नसे, वेगळीच संथ धून वाजायची. म्हणजे गाणं एक, तालीम दुसऱ्याच गाण्यावर! मला तर ही रॉबटॉपची सगळ्यात मोठी क्रूरता वाटते.

तरी २०१५ मध्येच रायटनं ब्लडबाथ व्हेरिफाय केली आणि ती त्या काळच्या सर्वांत अवघड लेव्हलमध्ये जाऊन बसली. मग लोकांनी विचारायचं ते विचारलंच: खरंच केली का? शंका अगदीच वेडी नव्हती. काट्यातून आरपार जाऊ देणारे हॅक होते, गेमचा वेग कमी करणारे होते. सर्वांत अवघड लेव्हलची यादी ठेवणाऱ्यांना हळूहळू पुरावे मागावे लागले: पूर्ण व्हिडिओ हवा, क्लिकचा खराखुरा आवाज हवा, कधी हातावर रोखलेला कॅमेरासुद्धा हवा. गेमची अट होती ‘करून दाखव’, खेळाडूंनी त्यापुढे जोडलं ‘आणि आम्हाला बघू दे’.

फोनवाल्यांसाठी एक गोष्ट राहिली. बरीच वर्षं या गेमची चाल स्क्रीनच्या वेगावर अवलंबून होती. सेकंदाला ६० वेळा ताजी होणारी स्क्रीन आणि १४४ वेळा होणारी, दोन्हींवर तीच लेव्हल सारखी नसे. अरुंद फटीतून वर-खाली जायच्या जागी ६० वाल्याच्या वाट्याला कमी बारीक पावलं येत. डिसेंबर २०२३ च्या २.२ अपडेटनंतर ही तफावत बरीच मिटली. त्याआधी साध्या फोनवर ज्यांनी ब्लडबाथ संपवली, त्यांना माझा कडक सलाम!

पुढे २०१७ मध्ये डीमन या सर्वांत वरच्या गटाचे पाच उपगट झाले आणि ब्लडबाथ ‘एक्स्ट्रीम’मध्ये गेली. २०१८ मध्ये नॉबेलबॉयनं त्याच गाण्यावर ब्लडलस्ट आणली, जास्त लांब आणि जास्त कठीण. आज अवघड लेव्हलच्या यादीत ब्लडबाथ पहिल्या शंभरातही नाही. जी पार करणं म्हणजे जग जिंकणं होतं, ती आता मुलं ‘माझी पहिली मोठी एक्स्ट्रीम’ म्हणून करतात. काटे तेच, गाणं तेच. फरक इतकाच की रायटला ती होते की नाही हेच माहीत नव्हतं, यांना माहीत आहे.

जमलं तर आज लेव्हल उघडून नावाखालची ओळ बघा. तुकडे करणारे दहाहून जास्त होते, पण तिथे नाव मावतं एकाचंच. तिथे रायट लिहिलंय.