आईच्या माथी मारलेला दोष

मैत्रिणींनो, मूल हाकेला ओ देत नाही, एकटंच गाडीचं चाक फिरवत बसतं, की बोट आईकडेच वळतं. हे आपल्याच गावात होतं असं नाही. अमेरिकेत १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांची हकिकत लिहिली. त्यातून ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हे नाव रूढ झालं. पुढे कितीतरी वर्षं मोठमोठे तज्ज्ञ म्हणत राहिले, आईची मायाच थंड! १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून ते खोडून काढलं. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता.

मग त्याच आईचा खेळ उपचार झाला. गोवा आणि रावळपिंडीतल्या ६५ मुलांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या घरांत पंधरवड्याला शिकून तयार झालेली कार्यकर्ती जाई, डॉक्टर नव्हे. आई-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढून दोघी मिळून बघत. चाक हिसकायचं नाही. शेजारी बसायचं, मूल बघतंय त्यावरच दोन शब्द बोलायचे, आणि थांबायचं. (हे थांबणंच आपल्याला जमत नाही!) आठ महिन्यांनी ती मुलं आपणहून आईकडे जास्त वळू लागली. दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र कमी झाला होता.