मधुमेह : मुलांचा वेगळा, मोठ्यांचा वेगळा

'गोड जास्त खाल्लं म्हणून शुगर झाली' हे वाक्य आपल्या वस्त्यांमध्ये रोज ऐकू येते. मोठ्या माणसांच्या बाबतीत ते अर्धवट खरे आहे. लहान मुलांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा साफ खोटे आहे. या गैरसमजामुळे आईवडील स्वतःला दोष देत बसतात, मुलाचा आजार लपवतात आणि उपचाराला उशीर करतात. म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याला दोन्ही प्रकारांची नीट माहिती असली पाहिजे.

मधुमेह म्हणजे काय?

आपण खाल्लेल्या भाकरीची, भाताची, चपातीची शरीरात साखर होते आणि ती रक्तात मिसळते. ही साखर पेशींमध्ये पोहोचवण्याचे काम इन्सुलिन करते. ते स्वादुपिंड नावाच्या अवयवात तयार होते. इन्सुलिन तयारच झाले नाही, किंवा झाले पण शरीर त्याला दाद देईनासे झाले, तर साखर रक्तातच साचते. पहिला प्रकार टाइप १, दुसरा टाइप २.

मुलांचा मधुमेह

मुलांमध्ये प्रामुख्याने टाइप १ आढळतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाण्याशी, आईच्या गरोदरपणातील खाण्याशी किंवा कोणाच्या 'नजरेशी' याचा संबंध नाही. हा आजार संसर्गजन्यही नाही. अलीकडे लठ्ठ किशोरवयीन मुलांमध्ये टाइप २ सुद्धा दिसू लागला आहे.

चार लक्षणे लक्षात ठेवा : सारखी लघवी, सारखी तहान, चांगले खाऊनही वजन घटणे आणि थकवा. अंथरुण ओले करणे थांबलेले मूल पुन्हा ओले करू लागले, तर त्याला रागावू नका, साखर तपासा. बोटातून एक थेंब रक्त काढून ही तपासणी मिनिटाच्या आत होते.

उशीर झाला तर रक्तात आम्ल वाढते. मूल उलट्या करते, पोट दुखते म्हणते, खोल आणि जलद श्वास घेते, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो आणि ते गुंगीत जाते. हे पोटाचे दुखणे किंवा 'बाहेरची बाधा' समजून अंगारा-धुपारा करण्यात गेलेला प्रत्येक तास घातक असतो. अशा मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्या आणि 'साखर तपासा' असे स्वतः सांगा.

इन्सुलिन ही सवय नव्हे

1921 मध्ये टोरांटो विद्यापीठात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले. जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला ते प्रथम दिले गेले. त्याआधी अशी मुले काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांत दगावत. बँटिंगचा जन्मदिवस 14 नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन आहे. आपल्याकडे तोच बालदिनही असतो.

'एकदा इंजेक्शन लागलं की सुटत नाही' असे म्हणतात. टाइप १ मध्ये ते सुटत नाही हे खरे, पण व्यसनामुळे नव्हे. शरीरात जे तयार होत नाही ते बाहेरून द्यावेच लागते. कारल्याचा रस, मेथी, जडीबुटी, ताईत यांपैकी काहीही इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. 'इन्सुलिन बंद करा, मी बरे करतो' असे सांगणारा माणूस मुलाच्या जिवाशी खेळत असतो. मूल आजारी असेल, जेवत नसेल, तरी इन्सुलिन मनाने पूर्ण बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

दोन व्यवहाराच्या गोष्टी :

1. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या 40 आणि 100 अशा दोन तीव्रतेच्या मिळतात. 40 साठी लाल टोपणाची सिरिंज, 100 साठी केशरी टोपणाची. 100 चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले तर डोस अडीचपट होतो.

2. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंश तापमानात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेले इन्सुलिन वापरू नका. फ्रिज नसेल तर दोन मातीच्या भांड्यांच्या मधल्या जागेत ओली वाळू भरा आणि आतल्या भांड्यात बाटली पिशवीत बंद करून ठेवा.

साखर एकदम कमी झाली तर

घाम, थरथर, भूक, चिडचिड, गोंधळल्यासारखे वागणे, आणि तपासल्यावर साखर 70 पेक्षा कमी : अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा द्या. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि रुग्णालयात न्या. शिक्षकांना हे माहीत असायलाच हवे. सीबीएसईने 2017 मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ सोबत नेण्याची मुभा दिली आहे.

मोठ्यांचा मधुमेह

टाइप २ गाजावाजा न करता येतो. अनेकांना तो वर्षानुवर्षे कळतही नाही. आनुवंशिकता, पोटाभोवतीची चरबी, बैठे काम ही त्याची कारणे. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

उपाशीपोटी साखर 126 किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी 6.5 किंवा अधिक आली तर मधुमेह समजतात. लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात. उपाशीपोटी 100 ते 125 म्हणजे धोक्याची घंटा. इथे वजन, चालणे आणि आहार यांनी आजार लांबवता किंवा टाळता येतो.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी क्षीण झाली होती. डॉ. सविता आंबेडकर त्यांच्या औषधपाण्याकडे लक्ष देत. त्या काळच्या मानाने आज तपासण्या आणि औषधे कितीतरी सोपी झाली आहेत. तरीही आपण तपासत नसू, तर तो दोष नशिबाचा नाही.

वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पाय तपासून घ्या. पायाची संवेदना गेली की काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. अनवाणी चालू नका, रोज तळवे पाहा. तंबाखू, बिडी, दारू सोडा.

ताटात काय?

भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी हे आपले साधे जेवणच चांगले, फक्त भात-भाकरीचे प्रमाण आटोक्यात हवे. ज्वारीही साखर वाढवते, म्हणून मोजून खा. गूळ आणि मध ही साखरच आहे. दिवसभरातले गोड चहा मोजा. वाढत्या वयाच्या मुलाला मात्र उपाशी ठेवू नका. त्याला पोटभर जेवण आणि त्या प्रमाणात इन्सुलिन लागते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह आणि रक्तदाब तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना सोबत घेऊन वस्तीतील यादी करा. महागडी औषधे परवडत नसतील तर जनऔषधी केंद्राचा रस्ता दाखवा. एखाद्या मुलाला टाइप १ असेल तर शाळेत जाऊन शिक्षकांशी बोला, त्याच्या मित्रांना समजावा. मुलगी असेल तर 'लग्न कसं जमेल' म्हणून आजार लपवला जातो आणि इन्सुलिन चुकते. त्या घरी आधी जा.