फुंकरीचं मोजमाप

सीओपीडीच्या रिपोर्टवर ‘५० टक्के’ वाचून अनेकांना वाटतं, अर्धं फुप्फुस गेलं. तसं नसतं. या आकड्यामागे शंभर वर्षांची गोष्ट आहे.

लंडनच्या डॉ. जॉन हचिन्सनने पाण्यात उलटं बुडवलेलं भांडं फुंकरीने वर उचलणारं यंत्र केलं. खलाशी, पोलीस, पहिलवान, छापखान्यातले कामगार, अगदी भिकारीसुद्धा, अशा सुमारे दोन हजार जणांना फुंकायला लावून त्याने १८४६ मध्ये सांगितलं, की उंचीबरोबर फुंकरीतली हवाही वाढते. चाचणीआधी आजही तुमची उंची विचारतात, ती म्हणूनच!

पण तो मोजत होता ती ‘हवा किती’. सीओपीडीत अडतं ते वेगापाशी. अरुंद झालेल्या नळ्यांतून हवा लवकर सुटत नाही. हचिन्सन १८६१ मध्ये फिजी बेटांवर वारला. फ्रान्सच्या रॉबर्ट तिफनोने ठरावीक वेळात सुटणारी हवा मोजायला सुचवलं, तेव्हा १९४७ उजाडलं होतं.

रिपोर्टवरचा ‘एफईव्ही-वन’ म्हणजे पहिल्या सेकंदातली हवा. औषध ओढल्यानंतरही ती पूर्ण फुंकरीच्या ७० टक्क्यांहून कमी भरली, तर नळ्यांत अडथळा आहे असं साधारणपणे धरतात. मग तो किती, हे तुमच्याच वयाच्या नि उंचीच्या निरोगी माणसाशी ताडून पाहतात. ‘५० टक्के’ म्हणजे पहिल्या सेकंदात त्याच्या निम्मी हवा सुटली.