शनिवारची अर्धी सुट्टी आणि सायकल: इंग्लंडमधील एका प्रथेचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील शहरी मध्यमवर्गाने, आणि त्यापाठोपाठ कामगारवर्गाने, आठवड्याच्या अखेरीस सायकलवरून खेड्यापाड्यांत लांबवर भटकण्याची जी प्रथा रूढ केली तिचा इतिहास बहुधा यंत्राच्या इतिहासाची पुरवणी म्हणून सांगितला जातो. आधी उंच चाकाची सायकल आली, मग सारख्या चाकांची आली, मग हवेचा टायर आला आणि माणसे फिरू लागली, असा हा क्रम खोटा नसला तरी अपुरा आहे. कारण सायकल विकत घेता येते, पण ती चालवायला लागणारा वेळ ज्या समाजात कारखान्याच्या भोंग्याकडे गहाण पडलेला असतो, तेथे तो आधी सोडवून घ्यावा लागतो.

औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या कारागिरांत सोमवारी काम बंद ठेवण्याची चाल होती. रविवारच्या पिण्याखाण्याचा शीण सोमवारी काढायचा आणि उरलेल्या आठवड्यात कंबर कसून काम उरकायचे, या सवयीला लोक गमतीने ‘संत सोमवार’ म्हणत. वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांना ही मनमानी सुट्टी परवडणारी नव्हती. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबवणे सक्तीचे केले. आणि त्यांच्यावाचून यंत्रे चालत नसल्यामुळे पुरुषांनाही आपोआप तीच सवलत मिळाली. हळूहळू इतर उद्योग व कचेऱ्या यांनीही शनिवारची अर्धी सुट्टी मान्य केली, आणि ‘संत सोमवार’ मागे पडला. १८७१ मध्ये सर जॉन लबक यांच्या प्रयत्नाने बँक हॉलिडेचा कायदा झाला, तेव्हा ईस्टर, व्हिटसन (म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा ख्रिस्ती सण) आणि ऑगस्टचा पहिला सोमवार यांच्या निमित्ताने शनिवार दुपार, रविवार व सोमवार असा सलग अवकाश वर्षातून तीनदा हाती आला. दुकानांतील नोकर मात्र या सगळ्यातून वगळले गेले, कारण शनिवारी तर गिऱ्हाइकांची झुंबड; त्यांना आठवड्यातून एका दिवशी दुपारनंतर सुट्टी देण्याची सक्ती १९११ च्या कायद्याने झाली, आणि ती सुट्टी बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी येई.

हा अवकाश मिळत होता त्याच सुमारास गावोगावचे रस्ते ओस पडत होते. रेल्वेने टप्प्याटप्प्यावर घोडे बदलत धावणाऱ्या डाकगाड्यांचा धंदा बुडवला होता; त्या गाड्यांवर जगणाऱ्या वाटेवरच्या सराया मोडकळीस आल्या होत्या आणि पथकराच्या उत्पन्नातून रस्ते राखणाऱ्या संस्था एकामागून एक बंद पडत होत्या. अशा रस्त्यांवर १८७० च्या दशकात उंच सायकल अवतरली. तिचे पेडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असत, त्यामुळे एका फेऱ्यात जास्त अंतर तोडायचे तर चाकच मोठे करावे लागे, आणि स्वार जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर, जवळजवळ आसाच्या डोक्यावर बसे. खड्डा चुकला नाही तर तो थेट डोक्यावर आपटे. पण त्याला केवळ खड्ड्यांचेच भय नव्हते. १८७६ मध्ये सेंट अल्बन्सच्या घोडागाडीच्या चालकाने एका सायकलस्वाराला चाबकाने फोडून काढले आणि त्याच गाडीच्या रखवालदाराने दोरीला बांधलेला लोखंडी गोळा त्याच्या चाकाच्या आऱ्यांत फेकून त्याला खाली पाडले. यासाठी दोघांनाही दंड झाला. पण रस्ता कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे मिटला नाही. १८८८ च्या स्थानिक प्रशासन कायद्याने सायकल हे कायदेशीर ‘वाहन’ ठरवले आणि तिला घंटी सक्तीची केली, तेव्हा कुठे सायकलस्वाराला रस्त्यावर निर्विवाद हक्क मिळाला.

५ ऑगस्ट १८७८ रोजी यॉर्कशरमधील हॅरोगेट येथे जमलेल्या सायकलस्वारांनी स्टॅन्ली कॉटरेल यांच्या पुढाकाराने ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन केला. तो दिवस ऑगस्टचा पहिला सोमवार, म्हणजे बँक हॉलिडे होता. ती सुट्टी नसती तर ठिकठिकाणचे हे लोक एकत्र जमू शकले असते का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. १८८३ मध्ये तीनचाकी सायकलस्वारांनाही सामावून घेण्यासाठी क्लबचे नाव ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ असे झाले. सुरुवातीचा त्याचा गणवेश गर्द हिरव्या सर्जचा होता, पण त्यावर रस्त्याची धूळ फार उठून दिसे म्हणून पुढे तो करड्या ट्वीडचा करावा लागला. डांबरापूर्वीच्या त्या रस्त्यांची कल्पना एवढ्यावरूनही यावी.

क्लबचे खरे काम मात्र गणवेशाचे नव्हते. अनोळखी मुलखात संध्याकाळी पोहोचणाऱ्या, धुळीने माखलेल्या आणि पाकिटाने बेताच्या माणसाला मुक्काम, जेवण आणि दुरुस्ती या तीन गोष्टींची खात्री हवी असते. क्लबने गावोगावच्या सरायांशी बोलून सदस्यांसाठी ठरावीक दर पक्के केले, त्यांची यादी दरवर्षी पुस्तिकेत छापली, आणि मान्य सरायांच्या भिंतीवर पंख असलेल्या चाकाचे बिडाचे फलक लावले. प्रत्येक भागात ‘कॉन्सल’ या नावाने एक स्थानिक सदस्य नेमलेला असे व वाट, चढण, लोहार यांची माहिती पुरवणे हे त्याचे काम असे. ब्रेकच्या बाबतीत उंच सायकल फारच दुबळी असल्यामुळे अवघड उतारांच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या लावण्याचे कामही क्लबने आणि ‘नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन’ने अंगावर घेतले. याच दोन संस्थांनी १८८६ मध्ये रस्ते सुधारणेसाठी एक स्वतंत्र संघटना उभारली आणि रस्ता कसा राखावा याविषयी स्थानिक प्रशासनांकडे तगादा सुरू केला. बार्थोलोम्यू या एडिंबरोच्या नकाशाकारांच्या अर्ध्या इंचाला मैल या प्रमाणाच्या नकाशांतील चुकाही सायकलस्वार सदस्य कळवत आणि पुढच्या आवृत्तीत त्या दुरुस्त होत. वाहन चालवणाऱ्यांनीच आपल्या रस्त्याची अशी उस्तवार केल्याची उदाहरणे फार नाहीत.

लंडनकरांच्या दृष्टीने या सर्व हालचालीचे केंद्र सरे परगण्यातील रिप्ली हे छोटेसे गाव होते. लंडनहून पोर्टस्मथकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, किंग्स्टन, ईशर, कॉबम ही गावे ओलांडली की सुमारे तेवीस मैलांवर ते लागे. अंतर बेताचे, पृष्ठभाग त्या काळच्या मानाने गुळगुळीत, चढ फार नाहीत, आणि शनिवारी दोन वाजता कचेरी सुटलेला कारकून तेथे चहाच्या वेळेला पोहोचू शके. लॉर्ड बरी यांनी या रस्त्याला सायकलस्वारांची मक्का म्हटले होते. गावातील ‘अँकर’ ही सराई डिबल कुटुंबाची होती आणि ॲनी व हॅरिएट या बहिणींनी सायकलस्वारांना ज्या आपुलकीने वागवले, ती त्या काळात अपवादात्मक होती. अन्यत्र सराईवाले त्यांना खालच्या दर्जाचे गिऱ्हाईक समजत. अँकरच्या नोंदवहीत हजारो सह्या झाल्या. पुढे या दोघी बहिणींच्या स्मरणार्थ सायकलस्वारांनी वर्गणी काढून गावच्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी बसवली. सराई चालवणाऱ्या बायकांच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. एच. जी. वेल्स यांनी १८९६ च्या ‘द व्हील्स ऑफ चान्स’ या कादंबरीत आपल्या नायकाला, एका कापडदुकानातील नोकराला, वार्षिक सुट्टीत याच रस्त्यावरून सायकलने पाठवले, ते वाचकांच्या ओळखीचा रस्ता म्हणूनच.

तोवर यंत्र बदलले होते. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. तिची चाके जवळजवळ सारखी होती आणि साखळीने मागचे चाक फिरे. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलप यांनी हवेचा टायर सिद्ध केला. स्वार जमिनीजवळ आला, आणि स्त्रियांना सायकल चालवणे शक्य झाले, ही गोष्ट या दोन शोधांइतकीच महत्त्वाची आहे. पण घोट्यापर्यंतचा घागरा साखळीत अडके, म्हणून काही स्त्रियांनी ढगळ विजारीसारखा ‘विवेकी पोशाख’ स्वीकारला. त्याच्या पुरस्कर्त्या लेडी हार्बर्टन ऑक्टोबर १८९८ मध्ये असा पोशाख करून सरेमधील ओकम येथील ‘हॉटबॉय’ हॉटेलात जेवायला गेल्या, तेव्हा मालकिणीने त्यांना मुख्य भोजनकक्षात बसू देण्याचे नाकारले आणि दारूच्या गुत्त्यालगतच्या, पुरुषांच्या तंबाखूने कोंदलेल्या खोलीत बसायला सांगितले. हे हॉटेल क्लबच्या यादीतील असल्यामुळे क्लबने मालकिणीवर खटला भरला. १८९९ मध्ये किंग्स्टनच्या न्यायालयात ज्युरीने तिला निर्दोष ठरवले, कारण खोली तर दिली होती, ती कोणती द्यायची हा तिचा प्रश्न, असा त्यांचा कौल होता. खटला हरला तरी त्या वर्षी क्लबची सदस्यसंख्या साठ हजारांच्या पुढे, म्हणजे त्या शतकातील उच्चांकावर होती.

कामगारवर्गाने ही प्रथा आपलीशी केली तिचे स्वरूप यापेक्षा वेगळे होते. रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांनी १८९१ मध्ये मँचेस्टरला ‘क्लॅरियन’ हे समाजवादी साप्ताहिक सुरू केले. १८९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या काही तरुण वाचकांनी टॉम ग्रूम यांच्या पुढाकाराने त्याच नावाचा सायकल क्लब काढला, आणि पुढच्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत डर्बीशरमधील ॲशबर्न येथे निरनिराळ्या गावांचे क्लब एकत्र येऊन देशव्यापी संघटना झाली. एकाने ‘बूट!’ म्हणून हाक द्यायची, समोरच्याने ‘स्पर्स!’ (टाचेचे काटे) म्हणून उत्तर द्यायचे, अशी त्यांची वाटेवरची खूण होती. हे लोक शनिवार-रविवारी पिशव्यांत साप्ताहिकाचे अंक व पुस्तिका भरून खेड्यांत जात आणि हिरवळीवर सभा घेत, म्हणजे सहल आणि प्रचार एकाच दमात चाले. प्रचार कोरडा वाटला तरी भटकंती गोड लागे, हे त्यांच्या टिकण्याचे एक कारण असावे. स्त्रियांच्या मताधिकार चळवळीच्या नेत्या एमलिन पँकहर्स्ट यांच्या कन्या क्रिस्टाबेल व सिल्विया मँचेस्टरला असताना क्लॅरियनवाल्यांबरोबर जात. मुक्कामासाठी त्यांनी स्वतःची घरेही उभारली. त्यांपैकी लँकशरमधील पेंडल टेकडीच्या पायथ्याशी नेल्सन गावच्या कार्यकर्त्यांनी १९१२ मध्ये बांधलेले घर आजही रविवारी चहासाठी उघडते.

पहिल्या महायुद्धानंतर ही प्रथा सर्वाधिक फोफावली. श्रीमंत एव्हाना मोटारीकडे वळले होते, त्यामुळे सायकल मुख्यतः कामगारांची आणि कारकुनांची राहिली. बर्मिंगहॅमच्या ‘हर्क्युलिस’ने किंमत चार पौंडांच्या आसपास आणली आणि हप्त्यांची सोयही झाली. (याच कारखान्याच्या, तसेच रॅले, हंबर, बीएसए यांच्या सायकली मुंबई-पुण्याच्या दुकानांतही आल्या, आणि ही नावे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आली.) क्लबची रविवारची फेरी तोवर एक ठरीव विधी झाली होती: सर्वांत पुढे कॅप्टन, मागे कोणी पंक्चर होऊन एकटा पडू नये म्हणून एक जबाबदार सदस्य, सकाळी अकराचा चहा, दुपारचे जेवण, पुन्हा चहा, आणि दिवसभरात साठ-ऐंशी मैल. वाट मुद्दाम खडतर निवडण्याची चालही याच काळातली. डब्ल्यू. एम. रॉबिन्सन यांनी ‘वेफेअरर’ या नावाने १९१९ मध्ये ‘सायकलिंग’ साप्ताहिकात एक लेख लिहिला; त्यात मार्च महिन्यात वेल्समधील बर्विन डोंगर बर्फातून सायकल ढकलत, उचलत ओलांडल्याचे वर्णन होते. हा लेख इतका गाजला की बिनरस्त्याच्या डोंगरी वाटांवर सायकल नेणे हा एक वेगळा छंदच झाला. १९३० मध्ये स्थापन झालेल्या युवा वसतिगृह संस्थेने एका शिलिंगात रात्रीचा निवारा देऊ केला, अट एवढीच की येणारा पायी किंवा सायकलवर आलेला असावा. १९३९ पर्यंत तिचे सदस्य ८० हजारांवर गेले.

याच काळात सायकलस्वारांच्या रस्त्यावरील हक्काचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी समोर घोडागाडी नव्हती. रस्ते सुधारणा संघटनेतून पुढे आलेले विल्यम रीस जेफ्रीज स्वतः सायकलस्वार होते, पण पुढे मोटारवाल्यांच्या संस्थेत आणि १९१० मध्ये सरकारी रस्ते मंडळाचे सचिव म्हणून गेले. सायकलसाठी मागितलेले गुळगुळीत रस्ते मोटारींच्या कामी आले. डिसेंबर १९३४ मध्ये लंडनबाहेर वेस्टर्न अव्हेन्यूलगत सुमारे अडीच मैलांचा, सायकलींसाठी राखीव मार्ग वाहतूकमंत्री हॉर-बेलीशा यांनी सुरू केला, तेव्हा सायकलस्वारांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. एकदा बाजूची पट्टी स्वीकारली की मुख्य रस्ता सोडावा लागेल, हे त्यांना उघड दिसत होते. त्यांची भीती अनाठायी नव्हती, पण पट्टी नाकारून रस्ताही राखता आला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोलवर नियंत्रण असेपर्यंत सायकल टिकली. १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये सायकलवरून सुमारे १,४७० कोटी मैल प्रवास झाला, आणि हा आकडा त्यानंतर कधीच गाठला गेला नाही. मे १९५० मध्ये नियंत्रण उठले. त्याच दशकात पाच दिवसांच्या आठवड्याची पद्धत रूढ होत गेली आणि कामगाराला शनिवार पूर्ण मिळू लागला. म्हणजे ज्या वेळासाठी शतकभर झगडा झाला तो भरपूर मिळाला तेव्हा हाताशी मोटार होती. पुढील पंचवीस वर्षांत सायकल-प्रवास एक-पंचमांशाच्याही खाली घसरला. १९५५ मध्ये हेरफर्डशरमधील लेमिन्स्टर येथील ‘ब्लॅक स्वान’ सराईत चाळीसेक सायकलस्वारांनी एक नवी संघटना काढली, तिचे नाव ‘रफ स्टफ फेलोशिप’. गाड्यांच्या चाकोऱ्या, मेंढपाळांच्या पायवाटा आणि बंद पडलेले डोंगरी घाट सायकलने पालथे घालणे हा तिचा उद्देश होता. डांबरी रस्त्यांची मागणी तिच्या उद्दिष्टांत नव्हती.