फोनला ‘ज्ञानदेव’ म्हणता का येत नाही?

मागच्या पावसाळ्यात काकांना रक्त तपासायला घेऊन राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात गेलो होतो. तिथे नंबर आला की कॉम्प्युटर नाव पुकारतो. आम्ही बसून राहिलो आणि आमच्या मागून आलेले लोक आत जाऊन बाहेरही आले. शेवटी काउंटरवर विचारलं, तर म्हणाले, “तुमचं नाव दोनदा पुकारलं की!” पुकारलं होतं ते ‘डिन्यान डेव्ह’. काकांचं नाव ज्ञानदेव. ते म्हणाले, “मला वाटलं, कोण तरी परदेशी पेशंट आलाय.”

आम्ही हसलो खरं, पण शुगर असलेला माणूस पाऊण तास जास्त उपाशी बसला होता.

तुमच्या फोनमधला असिस्टंट, मॅपचा आवाज, कॉलरचं नाव वाचून दाखवणारं फीचर, सगळ्यांची गोची इथेच होते. कशी ते बघू.

नाव वाचलं जातं म्हणजे काय होतं?

लिहिलेलं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला टेक्स्ट-टू-स्पीच म्हणतात. बऱ्याच सिस्टिममध्ये आधी शब्दाचे ध्वनी ठरवले जातात आणि मग त्यांचा आवाज तयार होतो. शब्द उच्चारकोशात असेल तर ध्वनी तिथून उचलायचे, नसेल तर स्पेलिंगवरून अंदाज बांधायचा. आपली बरीच नावं त्या कोशात नसतात, म्हणजे अंदाजच. आणि हा अंदाज त्या आवाजाच्या भाषेचे नियम लावून होतो. इंग्रजी आवाजासमोर डी-एन-वाय-ए आलं, तर इंग्रजीत सहसा अशी सुरुवात होत नाही. मग तो मध्ये एक स्वर घुसडतो आणि ‘डिन्यान’ होतं.

मग नाव देवनागरीत सेव्ह केलं तर? अर्धंच काम होतं. कारण ‘ज्ञ’ हे अक्षरच भाषेगणिक वेगळं वाचलं जातं.

युनिकोडमध्ये ज्ञ साठी वेगळा कोड नाही. ज, हलन्त आणि ञ असे तीन कोड एकापाठोपाठ येतात आणि फॉन्ट त्यांचं मिळून एक चित्र काढतो. या तीन कोडना मराठी माणूस ‘द्न्य’ वाचतो, हिंदी माणूस ‘ग्य’ आणि गुजराती ‘ग्न’. त्यामुळे फोनमध्ये फक्त हिंदी आवाज असेल तर अगदी शुद्ध देवनागरीत लिहूनही ‘ग्यानदेव’च ऐकू येणार. यात फोनची चूक नाही, हिंदीच्या नियमाने ते बरोबरच आहे. रोमन स्पेलिंगमध्ये तर आणखी मजा. कोल्हापुरात राहिलेल्या वि. स. खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराचं इंग्रजी स्पेलिंग जे-एन ने सुरू होतं, आपण ज्ञानेश्वर डी-एन ने लिहितो आणि हिंदीवाले ज्ञान जी-वाय ने. अक्षर एक आणि स्पेलिंगं तीन, त्यात मशीनने काय करावं?

‘ऋ’ चंही तसंच. मराठीत रु, हिंदीत रि. म्हणून आपली अमृता इंग्रजीत ‘यू’ ने लिहिली जाते आणि हिंदीतली ‘आय’ ने. ळ तर रोमन लिपीत येईपर्यंत ल होऊनच जातो. एल एकच आहे ना.

पण मला सगळ्यात भारी वाटतात ते च, ज आणि झ. चहाचा च आणि चमच्याचा च बोलून बघा. माझा आणि माझी बोलून बघा. जीभ वेगवेगळ्या जागी लागते, पण अक्षर तेच, युनिकोडचा कोडही तोच. राजेशमधला ज टाळूवरचा आणि राजारामपुरीतला दाताजवळचा. म्हणजे आमच्या पेठेचं नाव बरोबर घ्यायचं तर नुसती लिपी वाचून भागत नाही, मराठी माणूस बोलताना ऐकलेला असावा लागतो. मराठी रेकॉर्डिंगवर शिकलेला आवाज इथे बराच पुढे असतो.

आता फोनमध्ये काय करायचं?

आधी मराठी आवाज घ्या. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ असं सर्च करा. गुगलच्या इंजिनमध्ये मराठी आहे, तिचा व्हॉइस डेटा डाउनलोड करून ठेवा.

दुसरं, कॉन्टॅक्ट एडिट करताना जास्तीचे रकाने उघडा. आयफोन आणि गुगल कॉन्टॅक्ट्स, दोन्हीकडे ‘फोनेटिक’ नावाचा रकाना सापडेल. मूळ नाव तसंच ठेवून तिथे उच्चार लिहायचा. हिंदी आवाज वापरत असाल तर ‘द्न्यानदेव’ असं फोडून लिहा. सगळी ॲप्स या रकान्याकडे बघत नाहीत, त्यामुळे एकदा “काकांना फोन लाव” ऐवजी पूर्ण नाव घेऊन तपासा. हा रकाना जपानी लोकांच्या फार कामाचा आहे. तिथे एकच नाव, तीच चिन्हं, पण वाचायच्या तऱ्हा अनेक, म्हणून फॉर्मवर उच्चार वेगळा लिहायची पद्धत जुनी आहे. मे २०२५ पासून तर तिथल्या कुटुंब नोंदवहीत नावाचा उच्चारही कायद्याने नोंदवला जातोय. मी आजवर भरलेल्या एकाही फॉर्मवर असा रकाना पाहिलेला नाही.

नोकरी शोधत असाल तर लिंक्डइनच्या मोबाइल ॲपमध्ये स्वतःच्या आवाजात नाव रेकॉर्ड करून ठेवता येतं. ही सोय २०२० मध्ये आली. दहा सेकंद मिळतात, नावाला तेवढे पुष्कळ झाले.

एक मात्र करू नका. मशीनला जमावं म्हणून आधार किंवा पॅनवरचं स्पेलिंग बदलायला जाऊ नका. दहावीच्या मार्कशीटवर एक आणि आधारवर दुसरं झालं, की पुढे प्रत्येक ठिकाणी खुलासा करत बसावं लागतं. जे बदलायचं ते कॉन्टॅक्टमध्ये बदला.

काकांच्या फाइलवर काउंटरवरच्या ताईंनी आता पेनाने लिहून ठेवलंय: “नावाने नको, नंबराने बोलवा.”